पावसकरांच्या काट्यावरच्या सामंतबाई

सामंतबाईंनी आपली भाकरी काट्यावर ठेवली, त्या दिवशी आमच्या शिक्षकखोलीत कोणालाच धड जेवण गेलं नाही.

काटा स्वयंपाकघरातला, पांढरा, बशीएवढा. बाईंनी तो पिशवीतून काढला, टेबल डुगडुगतं म्हणून त्याच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली, मग भाकरी वर ठेवून आकडा वाचला. नाक मुरडलं. भाकरी अर्धी मोडली आणि उरलेली अर्धी माझ्या डब्याच्या झाकणात टाकली.

"खा गो मेघा. मला एवढीच परवानगी आहे."

"कोणाची परवानगी?" मी विचारलं.

"विज्ञानाची," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घास चावायला लागल्या.

हे किती भयंकर होतं, ते समजायला आधीच्या सामंतबाई माहीत हव्यात. सुनंदा सामंत रत्नागिरीत आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. आमची टेबलं शेजारी, घरं मांडवीत एकाच गल्लीत, त्यामुळे त्यांच्या वाट्याला आलेला सगळ्यात जवळचा प्रेक्षक मीच. त्या दारातून आत आल्या की आधी नाक येई. "घाटेसरांकडे आज शेवग्याची शेंग आहे," हे डबा उघडण्याच्या दोन तास आधी सांगत, आणि ते खरं निघे. मुख्याध्यापकांनी जेवणाच्या सुट्टीआधी बैठक लावली तर बाई उभ्या राहून सांगत, "सर, उपाशी माणसाचं मत धरू नये." बैठक पुढे जाई. पुढे गेलेल्या बैठकीत बाईंचं मत कधीच नसे, कारण तोवर त्या तृप्त झालेल्या असत.

अन्नातली ऊर्जा हा धडा त्यांच्याइतका रंगवून कोणी शिकवला नसेल. टाचणीला शेंगदाणा टोचायचा, पेटवायचा, वर परीक्षानळीत पाणी धरायचं. पाणी गरम झालं की म्हणायच्या, "बघितलंत? एका दाण्यात केवढी ताकद!" प्रयोगाला एक दाणा लागे. बाई पाव किलो आणत. उरलेले दाणे तास संपेपर्यंत त्या आणि पहिला बाक मिळून संपवत. इतकी वर्षं कॅलरी शिकवून स्वतःला कधी लावली नाही असं कोणी चिडवलं, तर उत्तर तयार असे: "वीज शिकवते म्हणून बोट सॉकेटात घालू का?"

अशा बाईंनी अर्धी भाकरी परत केली.

मोबाइलमध्ये त्यांनी एक ॲप घेतलं होतं. काय खाल्लं ते त्यात लिहायचं, ते कॅलऱ्या सांगणार. पहिल्या आठवड्यातच दोघांचं भांडण झालं. पिझ्झ्याचे सतरा प्रकार त्याला पाठ, पण कुळथाचं पिठलं म्हटलं की गप्प. बाईंनी आंबोळी लिहिली तर त्यानं त्यांना आंबोलीचा धबधबा दाखवला. तिसऱ्यांचं सुकं लिहिलं, तर त्यानं "तिसरी वाटी" असं समजून तीन वाट्या भात नोंदवला.

"अरे शिंपल्या रे! समुद्रातल्या!" बाई फोनवर ओरडल्या. शेजारच्या वर्गातून शिपाई बघून गेला.

मग त्यांनी स्वतःच सगळं काढलं. नारळ खवून त्याचं वजन, घावन्याला लागणारं तेल, सोलकढीतल्या रसाचं माप. त्यांचे यजमान, सामंत, निवृत्त सर्व्हेअर. माणूस इतका अबोल की घरात आहे की नाही हे रेडिओवरून ओळखायचं. ते मला एकदा रस्त्यात भेटले आणि आपणहून म्हणाले, "आमच्याकडे हल्ली आमटीला फोडणी देण्यापूर्वी शांतता पाळतात." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत मोठं वाक्य.

हळूहळू बाईंना सगळं जगच कॅलरीत दिसायला लागलं. जिना चढणं म्हणजे अर्धं बिस्किट. गणिताच्या जोशीसरांशी वाद घालणं म्हणजे एक चमचा तूप, "पण त्यांना हरवलं तर दीड." दहावी ब वर ओरडणं त्यांना इतकं फायद्याचं वाटू लागलं की पोरं बिचारी उगाचच शहाण्यासारखी वागायला लागली.

खरी गंमत वजनाची. घरातला वजनकाटा त्यांच्या फरशीवर तीन ठिकाणी तीन आकडे दाखवी. देवघरासमोर सगळ्यात कमी. सामंत म्हणाले, "तिथेच करत जा." पण बाई विज्ञानाच्या. त्या सरळ गल्लीच्या टोकाला पावसकरांच्या वखारीत गेल्या. पावसकर मोसमात काजूबी आणि कॅनिंगचा आंबा विकत घ्यायचे, त्यामुळे त्यांच्याकडे क्रेट तोलायचा मोठा काटा होता, सरकारी शिक्का मारलेला. दर रविवारी सकाळी बाई चपला काढून, बांगड्या काढून, पदर खोचून त्यावर उभ्या राहू लागल्या.

अडचण एकच. पावसकरांना सवय होती आकडा ओरडून सांगायची, कारण लिहून घेणारा दिवाणजी पार आतल्या खोलीत बसे. पहिल्याच रविवारी त्यांनी मान वर करून हाळी दिली, "ब्याण्णव चारशेऽऽ!"

आतून दिवाणजींनी विचारलं, "कुणाचा माल?"

"हळू बोला हो!" बाई कळवळल्या. पावसकरांनी कान पकडले. पुढच्या रविवारी पुन्हा हाळी. सवय ती. सवयीला कान नसतात. महिन्याभरात अख्ख्या मांडवीला बाईंचं वजन दूध-पेपरसारखं घरपोच मिळू लागलं. मासळीवाली मावशी टोपली उतरवतानाच म्हणे, "बाई, या हप्त्याला तीनशे ग्रामच? बांगडा नको तुम्हाला. मोडुसा घ्या, त्यात चरबी नाही." रिक्षावाले विचारायचे. आणि बाई, आधी लाजायच्या त्या, पुढे पुढे थांबून सविस्तर कारणं द्यायला लागल्या.

आम्हाला वाटायचं, हौस आहे. पन्नाशीत येते कोणाकोणाला. कोणी ट्रेकिंगला जातं, कोणी पेटी शिकतं. जोशीसरांनी तर पैज लावली होती, गणपतीपर्यंत टिकणार नाही म्हणून.

त्याच सुमारास पार्सलं यायला लागली. बाईंचा धाकटा भाऊ दिनू चिपळूणजवळ अलोऱ्याला राहायचा. वडील कोयना प्रकल्पावर होते, दोघं तिथल्या वसाहतीतच वाढलेली. दिनूचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं, लग्न केलेलं नव्हतं, आणि स्वयंपाकात त्याचा हात बाईंपेक्षाही बरा. चिपळूणहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरबरोबर तो डबे पाठवी. खव्याच्या करंज्या, फणसपोळी, तुपातले बेसनाचे लाडू. बाई डबा उघडत, खोल वास घेत, "वासाला कॅलरी नसते" असं म्हणत आणि डबा माझ्याकडे सरकवत. शिक्षकखोलीनं तो दिनू न बघताच डोक्यावर घेतला. बाई एक किलो उतरल्या की आम्ही सगळे मिळून दोन चढायचो. जोशीसरांना पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

गणपतीत मी त्यांच्याकडे मोदक घेऊन गेले. वाफाळलेले, वर तूप. बाई ओटीवर एकट्याच बसल्या होत्या.

"आज नाही म्हणायचं नाही," मी म्हटलं. "एकानं काय होतंय?"

त्यांनी मोदक हातात घेतला. पाकळ्या मोजल्यासारखं बघितलं. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी घाबरले. इतक्या वर्षांत बाईंना कांद्यानंसुद्धा रडू आलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अगो, चार आठवडे काटा हलत नाही," त्या म्हणाल्या. "पंच्याहत्तरच्या आत यायला हवं. नाहीतर ते घेणार नाहीत."

"कोण घेणार नाहीत? काय?"

"माझी किडनी."

मग सगळं सांगितलं. दिनूच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा चिपळूणला डायलिसिस. बाईंचं रक्त जुळलं, सगळ्या तपासण्या जुळल्या, पण मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्या वजनावर शस्त्रक्रिया नको. तुम्हालाही धोका, पुढे उरलेल्या एका किडनीलाही. कमी करून या. तोवर वाट बघू.

"तो तिकडे पाणी मोजून पितो, मेघा. दिवसाला इतकंच, असं मापाचं भांडं दिलंय त्याला. डाळीतलं पाणीसुद्धा धरायचं. उन्हाळ्यात तोंड कोरडं पडलं की बर्फाचा खडा चघळतो, आणि तोही हिशोबात. रोज संध्याकाळी फोन करतो आम्ही. तो सांगतो पाणी किती प्यायला, मी सांगते अन्न किती खाल्लं. आणि मी काल घाटेसरांचा एक वडा खाल्ला गो!"

मी मोदक झाकून ठेवले. बाईंनीच पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "नुसती बसू नको. तू तरी खा. थंड झाला की मोदकाचा अपमान होतो."

शाळेत मी कोणाला सांगायचं नाही असं ठरलं, आणि मी सांगितलंही नाही. पण करंज्या मला जड जायला लागल्या.

पुढच्या एका रविवारी बाई काट्यावरून उतरल्या त्या पडक्या चेहऱ्यानं. अर्धा किलो वाढलं होतं. आदल्या दिवशी आलेल्या डब्यातल्या तीन करंज्या त्यांनी उभ्या उभ्या खाल्ल्या होत्या. संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते तेव्हा दिनूचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला, कारण हात पिठात होते.

"ताई, आज किती भरलं?"

"वाढलं रे. अर्धा किलो."

"वा! छान!" दिनू म्हणाला.

बाईंचे पिठाचे हात तसेच हवेत राहिले.

"छान?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे... तसं नाही... रेंज जातेय..." फोन बंद झाला.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावर मी तो भाव पाहिला, जो एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर पण रीत चुकीची असली की यायचा. "लाडू," त्या हळूच म्हणाल्या. "करंज्या. तुपातलं सगळं. मेला मुद्दाम पाठवत होता!"

पुढल्या रविवारी पहिल्या गाडीनं आम्ही अलोऱ्याला. मला का नेलं हे त्यांनी सांगितलं: "मी त्याला मारायला लागले तर मध्ये पडायला कोणीतरी हवं." वाटेत चिपळूणला वडापावचा वास आला तेव्हा बाईंनी खिडकी लावून घेतली.

दिनू दारातच उभा होता. मला वाटलं होतं, बहिणीसारखाच कोणी ऐसपैस माणूस असेल. हा काडीसारखा, चेहरा काळवंडलेला, पाय सुजलेले. पण हसला तेव्हा कळलं की भाऊ त्यांचाच. ओट्यावर मापाचं ते भांडं होतं, तळाशी दोन बोटं पाणी. त्यानं आमच्यासाठी चहा टाकला आणि स्वतः नाही घेतला.

"बोल," बाई म्हणाल्या.

दिनू जमिनीकडे बघत म्हणाला, "मला नको तुझी किडनी. तुला कितीदा सांगितलं. तू ऐकतेस कुठे? मग म्हटलं, वजनच कमी झालं नाही तर डॉक्टरच नाही म्हणतील. कोणाला वाईटपणा नको."

"आणि करंज्या करत बसलास! स्वतःला खाता येत नाहीत आणि करत बसलास!"

"वेळ जातो," दिनू म्हणाला. "वास येतो." मग आवाज चढवून, "उद्या तुला टेबलावर काही झालं तर भाऊजींना मी काय तोंड दाखवू?"

"तोंड दाखवायला आधी तू असायला हवास ना रे गाढवा!"

एवढं मोठ्यानं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. बाई उठल्या आणि भावाच्या समोर जमिनीवर बसल्या. आता आवाज खाली आला होता. "हे बघ, मी विज्ञान शिकवते. देवानं दोन दिल्यात, एकीवर माणूस नीट जगतो. त्यांची सही मी घेतलीय. विचारलं तर म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझी परवानगी मागतेयस, नाही कसं म्हणू? आणि तुला माहिताय मला काय काय सोडावं लागलंय? फणसपोळी सोडलीय मी, दिन्या. फणसपोळी! ते फुकट घालवशील तर याद राख."

दिनूला हसू आवरेना, आणि हसता हसता तो रडायला लागला. मी चहाच्या कपात बघत राहिले. मध्ये पडायची वेळ आली नाही.

येताना बाईंनी त्याच्याकडून वचन घेतलं. तेव्हापासून डबे बंद झाले. शिक्षकखोलीत हळहळ पसरली, मग केव्हातरी खरं कारण सगळ्यांना कळलं, बाईंनीच सांगून टाकलं. त्या दिवशी जोशीसर उठले आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मांडवीच्या जेटीवर पांढऱ्या बुटांत हजर. "बाई, एकट्या चालू नका," म्हणाले. "वाद घालत चालू. तुम्हाला चमचाभर तूप सुटेल." आणि खरोखर त्या दोघांनी पुढचे कित्येक महिने सकाळी जेटीवर पोर्शन कमी करावा की नाही, सुट्ट्या वाढाव्यात की नाही, यावर अशी भांडणं केली की गळ टाकून बसलेली माणसं जागा बदलायची.

हिवाळ्यात काटा हलला. उन्हाळ्यात, ऐन आंब्यात, बाईंनी हापूसची एक फोड खाल्ली आणि ती सबंध दुपार चघळली. पावसकरांच्या वखारीत क्रेटांच्या राशी, घमघमाट, हमालांची ये-जा. त्यातच एका रविवारी बाई काट्यावर उभ्या राहिल्या. मी होते, जोशीसर होते, सामंत पिशवी घेऊन दाराशी होते. पावसकरांनी आकडा बघितला. खाली वाकून पुन्हा बघितला. आणि काहीच बोलले नाहीत.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

पावसकर जवळ येऊन कुजबुजले, "बाई... चौऱ्याहत्तर आठशे."

"अरे मग ओरड की मेल्या!" बाई किंचाळल्या. "आजच कसली लाज वाटतेय तुला!"

पावसकरांनी छाती भरून श्वास घेतला आणि अशी हाळी दिली की हमालांनी हातातले क्रेट खाली ठेवले. आतून दिवाणजी पहिल्यांदाच बाहेर आले. त्यांना वाटलं आग लागली.

शस्त्रक्रिया मुंबईला झाली. ते दिवस आम्ही फोनकडे बघत काढले. सामंतांचा फोन आला, "झालं. दोघं ठीक." एवढंच. पण चौथ्या दिवशी बाईंचा स्वतःचा आवाज, बारीक पण टणक, जोशीसरांच्या फोनवर, सबंध शिक्षकखोली कान लावून: "अहो, टेबलावरच सुरू झाली! जोडली आणि लगेच लघवी! दिनू आता धो धो करतोय, धो धो!" घाटेसर आपला डबा खात होते. त्यांनी झाकण लावलं आणि टाळ्या वाजवल्या.

बाई विश्रांती घेऊन परत आल्या, पुन्हा शिकवायला लागल्या. वजन त्यांनी वाढू दिलं नाही, डॉक्टरांची ताकीदच होती. वाढला दिनू. नवी किडनी टिकावी म्हणून दिलेल्या औषधांनी त्याला अशी भूक लागायला लागली की तो अर्ध्या रात्री उठून पोहे करायचा. गाल फुगले, शर्ट तंग झाले. आता ॲप त्याच्या फोनमध्ये गेलं आणि रोज संध्याकाळी जाब विचारण्याची पाळी बाईंची. "उतरवलेलं सगळं त्यानं चढवलं," त्या सांगायच्या. "घरातलं घरातच राहिलं म्हणायचं."

मग माझ्या नवऱ्याची बदली नागपूरला झाली. निघण्याआधी बाईंना भेटायला मी अलोऱ्याला गेले, कारण मे महिन्याची सुट्टी त्या भावाकडे काढत होत्या. दिवसभर गप्पा झाल्या. दिनूनं मोठा तांब्या भरून पाणी आणलं, उभ्यानं घटाघटा प्यायला आणि तोंड पुसून म्हणाला, "अजून सवय होत नाही." संध्याकाळी मी थांब्यावरून एसटी पकडली. जागा मिळाली, गाडी सुटली, आणि कंडक्टर तिकीट फाडतोय तोच मागून हॉर्नवर हॉर्न.

खिडकीतून बघितलं. दिनूची स्कूटर एसटीला गाठायला बघत होती, आणि मागे बसलेल्या बाई हातात माझा वाचायचा चष्मा नाचवत होत्या. वळणावर गाडी हळू झाली. बाईंनी दम धरला नाही. स्कूटर थांबायच्या आत उडी मारली, साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि धावत सुटल्या. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. खिडकीतून चष्मा माझ्या मांडीवर पडला.

"वेंधळी मेली!" बाई म्हणाल्या. "नागपुरात काय चाचपडत फिरणार होतीस?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझा दाबला, लगेच सोडवून घेतला आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. कंडक्टरनं घंटा दिली.

मागच्या काचेतून मला ती दोघं दिसत होती. बाई स्कूटरपाशी गेल्या, दिनूला काहीतरी बोलल्या, त्यानं मान हलवून नकार दिला, त्या पुन्हा बोलल्या. शेवटी तो मागे सरकला. बाई पुढे बसल्या. स्कूटर दोनदा हिसके देऊन निघाली आणि वसाहतीच्या रस्त्याला लागली. बाईंचे दोन्ही हात हँडलवर घट्ट होते, मान ताठ, नजर समोर, मागे वळून बघायची सोय नव्हती. म्हणून त्यांच्या वाटणीचा हात दिनूच हलवत राहिला, ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत.